यशाचे शब्द : ‘वन्स मोअर’पासून ‘ब्लॉकबस्टर’पर्यंत

हल्लीं घरांतील बोलण्याकडे थोडा कान देऊन ऐकिलें, तर एक गंमत ध्यानांत येते. वन्संच्या घरची मंगळागौर म्हणे ‘सुपरहिट’ झाली; मुंजीच्या पंगतीला ‘हाउसफुल’ गर्दी होती; सूनबाईंच्या पुरणपोळीस मामंजींनीं ‘वन्स मोअर’ दिला; आणि धाकट्या चिरंजिवांचें गणित मात्र पुन्हां एकदां ‘फ्लॉप’ गेलें! हे सारे शब्द नाटकगृहाच्या व चित्रपटगृहाच्या दारांतून निघून थेट आमच्या माजघरांत येऊन बसले आहेत. आतां ते इतके घरचे झाले आहेत कीं, त्यांचें मूळ गांव कोणतें, हें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु पाहुणा चार दिवस राहून जातो; शब्द मात्र राहतो, आणि आपल्या घरचीं मापें आपल्याकडे चालू करतो. म्हणून या महिन्यांत, आमच्या नेहमींच्या रिवाजाप्रमाणें, रंगभूमीवरील व पडद्यावरील यशाच्या शब्दांची कुळकथा सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या शब्दांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. कांहीं शब्द प्रेक्षकांच्या तोंडचे आहेत, व कांहीं तिकिटें विकणाराच्या तोंडचे आहेत. हा भेद वाचकांनीं प्रथमच ध्यानांत घ्यावा. कारण पुढील सर्व विवेचन त्याच्याच भोंवतीं फिरणार आहे.

प्रेक्षकांच्या शब्दांत पहिला मान ‘वन्स मोअर’चा. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं ता. ३१ आक्टोबर १८८० रोजीं पुण्यास ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग केला, आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. त्या युगांत आवडलेलें पद पुन्हां ऐकण्यासाठीं प्रेक्षागृहांतून ही आरोळी उठूं लागली. मौज अशी कीं, शब्द इंग्रजी असले तरी इंग्रजांच्या नाट्यगृहांतली रूढ हांक ती नव्हे. तेथें लोक ‘आंकोर’ असें ओरडतात, आणि हा शब्द फ्रेंच आहे; त्याचा अर्थ ‘आणखी’. फ्रेंच प्रेक्षक मात्र आपला स्वतःचा शब्द सोडून ‘बीस’ म्हणून ओरडतो, आणि तो शब्द आहे लॅटिन. अर्थ ‘दोन वेळां’. म्हणजे इंग्रज फ्रेंचांत मागतो, फ्रेंच लॅटिनांत मागतो, आणि आम्ही इंग्रजींत मागतों! आनंद अनावर झाला म्हणजे माणसास घरची भाषा पुरत नाहीं कीं काय, कोण जाणे. आम्हीं मात्र त्या परक्या शब्दांचें चांगलेंच मराठीकरण केलें. ‘वन्समोअर घेतला’, ‘वन्समोअर मिळाला’, ‘एका पदास तीन वन्समोअर झाले’ असें म्हणतांना तें मूळचें एक क्रियाविशेषण आहे, याचें भान कोणास राहतें?

ही हांक किती बळकट असते, याचें एक ऐतिहासिक उदाहरण आहे. इ. स. १७८६ च्या मे महिन्यांत व्हिएन्ना येथें मोझार्टचें ‘फिगारोचें लग्न’ हें संगीत नाटक प्रथम रंगभूमीवर आलें. पहिल्या कांहीं प्रयोगांतच लोकांनीं इतकीं गाणीं पुन्हां पुन्हां म्हणवून घेतलीं कीं, नाटक संपेनासें झालें. तेव्हां सम्राट् दुसरा जोसेफ यानें हुकूम काढिला कीं, एकाहून अधिक गळ्यांनीं गावयाचें कोणतेंहि पद यापुढें पुन्हां म्हणूं नये. बादशहास हुकूम काढून थोपवावी लागली, अशी ही प्रेक्षकांची सत्ता होती.

परंतु जेथें सत्ता आहे तेथें ती विकत घेणाराहि उभा राहतो. रोमचा नीरो बादशहा स्वतःस मोठा गवई समजे. त्यानें टाळ्या वाजविण्यासाठीं पांच हजारांहून अधिक तरुणांचें पथक बाळगिलें होतें, आणि त्यांच्या टाळ्यांच्या तीन तऱ्हांना मधमाश्या, कौलें व विटा अशीं नांवें होतीं. पुढें इ. स. १८२० त पॅरिस शहरांत सोतों व पोर्शे या दोन गृहस्थांनीं तर रीतसर कचेरीच थाटली, आणि तिचें नांव ठेविलें ‘नाट्ययशाचा विमा’. पैसे भरावे, आणि हवी तशी वाहवा घ्यावी. हंसणारे वेगळे, रुमाल डोळ्यांस लावून रडणाऱ्या बायका वेगळ्या, आणि ‘बीस, बीस’ म्हणून ओरडणारे वेगळे. येथें प्रेक्षकाचा शब्द व विक्रेत्याचा शब्द यांची पहिली सरमिसळ झालेली दिसते. हांक तीच, परंतु तिच्यांतला जीव गेलेला.

आतां विक्रेत्याच्या शब्दांकडे वळूं. यांतला मूळपुरुष म्हणजे ‘बॉक्स ऑफिस’. या नांवाविषयीं एक गोष्ट सांगतात ती अशी : शेक्सपिअरच्या काळीं दारावर पैसे गोळा करण्यास मातीचे डबे असत, ते प्रयोगानंतर एका खोलींत नेऊन फोडीत, ती डब्यांची खोली म्हणजेच बॉक्स ऑफिस. अशा डब्यांचीं खापरें लंडनांतील ‘रोज’ नाट्यगृहाच्या जागेवर १९८९ च्या उत्खननांत सांपडलीं, यांत संशय नाहीं. परंतु तो शब्द आढळतो अठराव्या शतकांत, म्हणजे त्या डब्यांनंतर फार मागाहून. आणि त्या वेळीं नाट्यगृहांत श्रीमंतांसाठीं राखलेल्या ज्या बंदिस्त जागा असत, त्यांना ‘बॉक्स’ म्हणत. त्या जागा जेथें भाड्यानें मिळत ती कचेरी म्हणजे बॉक्स ऑफिस. गोष्ट मनोरंजक असली म्हणजे ती खरी असतेच असें नाहीं, हा व्युत्पत्तिशास्त्राचा पहिला धडा होय. विसाव्या शतकाच्या आरंभीं या कचेरीच्या नांवास ‘एकंदर उत्पन्न’ असा अर्थ चिकटला, आणि आज तर चित्रपटाचें भवितव्य ‘बॉक्स ऑफिसवर’ ठरतें असें आपण म्हणतों. जणूं काय तें एखादें न्यायपीठच आहे!

येथें आमच्या मराठीचा एक विशेष नमूद केल्यावांचून राहवत नाहीं. ‘बॉक्स ऑफिस’ला समानार्थी शब्द आपल्याकडे ‘गल्ला’ हा आहे. दुकानदाराच्या बैठकीजवळची पैशांची पेटी ती हीच. परंतु त्यावरून आपण विशेषण केलें तें ‘गल्लाभरू’. आणि एखाद्या चित्रपटास गल्लाभरू म्हणणें ही स्तुति नव्हे, निंदा आहे. एकाच पेटीकडे पाहण्याच्या या दोन दृष्टि आहेत.

यानंतर ‘हिट’. हिट म्हणजे नेमका लागलेला तडाखा. नाटकास किंवा गाण्यास हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजींत लागूं लागला. पुढें त्याचे भाईबंद आले तेहि सारे तालमींतलेच! ‘स्मॅश’ म्हणजे चुराडा. ‘नॉकआउट’ म्हणजे मुष्टियुद्धांत प्रतिपक्षास आडवा पाडणें. इ. स. १९०५ त न्यूयॉर्क येथें साइम सिल्व्हरमन यांनीं ‘व्हरायटी’ नांवाचें नाट्यव्यवसायाचें साप्ताहिक काढिलें. त्यानें तर या धंद्यासाठीं एक स्वतंत्र बोलीच घडविली. त्या बोलींत चांगल्या चाललेल्या खेळास ‘सॉको’ म्हणत, म्हणजे ठोसा बसला! ‘बॉफो’ म्हणजे गल्ला ओसंडला. जो चित्रपट आठवड्यामागून आठवडे टिकतो त्याला ‘पाय आहेत’ असें म्हणत. हें मात्र आपल्यास परकें वाटावयाचें नाहीं, कारण आपलेंहि नाटक ‘चालतें’. आणि जो खेळ पडला त्यानें ‘अंडें घातलें’. १९२९ च्या आक्टोबरांत न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, तेव्हां या पत्रानें त्या प्रचंड आपत्तीसहि हाच वाक्प्रचार लावून मथळा दिला, आणि तो मथळा अजून सांगितला जातो.

या मारामारीच्या शब्दांची परिणति ‘ब्लॉकबस्टर’मध्यें झाली. याविषयींहि एक सोयीची दंतकथा आहे. एखादें नाटक इतकें चाले कीं, त्याच घरांच्या चौकांतलीं इतर नाट्यगृहें बसत. म्हणून तें नाटक चौक बसविणारें. खरी हकीकत भयंकर आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश वायुदल जर्मन शहरांवर ४,००० पौंडांचे व त्याहूनहि मोठे बाँब टाकीत असे. एका बाँबसरशीं रस्त्यांमधील घरांचा अख्खा चौक जमीनदोस्त व्हावा, अशी त्यांची शक्ति. म्हणून १९४२ च्या सुमारास वृत्तपत्रांनीं त्यांना ब्लॉकबस्टर हें नांव दिलें. लगेच १९४३ च्या मे महिन्यांत ‘बॉम्बार्डिअर’ या युद्धपटाच्या जाहिरातींत तोच शब्द स्तुतिपर वापरला गेला. युद्ध संपलें, शहरें पुन्हां उभीं राहिलीं, परंतु शब्द चित्रपटाच्या धंद्यांत राहिला. आणि १९७५ सालीं ‘जॉज’ या शार्क माशाच्या चित्रपटानें जें अफाट यश मिळविलें, त्यामुळें तो जगभर झाला. आज आपण मुलांसमोर सहज म्हणतों, ‘अगदीं ब्लॉकबस्टर आहे हो!’ त्या शब्दाखालीं कोणाचीं घरें गाडलीं गेलीं आहेत, हें एकदां तरी आठवावें, इतकीच आमची विनंति आहे.

तडाख्याच्या मानानें ‘ज्युबिली’ हा शब्द सात्त्विक कुळांतला. मूळ हिब्रू शब्द ‘योबेल’, म्हणजे मेंढ्याचें शिंग. प्राचीन यहुदी धर्मशास्त्राप्रमाणें दर पन्नासाव्या वर्षीं तें शिंग फुंकून दासांची मुक्तता करावी, व विकल्या गेलेल्या जमिनी मूळ कुळांस परत द्याव्या, असा दंडक होता. पुढें युरोपांत राजांच्या कारकीर्दीचीं वर्षें या शब्दानें मोजूं लागले. व्हिक्टोरिया राणीची सुवर्ण-ज्युबिली १८८७ त व हीरक-ज्युबिली १८९७ त झाली, आणि हिंदुस्थानांत गांवोगांव या शब्दाची ओळख पटली. आमच्या चित्रपटवाल्यांनीं त्यांत एकच फेरफार केला : वर्षाचा आठवडा केला! पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव, पन्नास म्हणजे सुवर्णमहोत्सव. प्रभात कंपनीचा ‘संत तुकाराम’ १९३६ सालीं मुंबईस लागला तो वर्षाहून अधिक काळ चालला. हिंदी पडद्यावरील राजेंद्रकुमार यांस लोक ‘ज्युबिली कुमार’च म्हणत; आणि मराठींत दादा कोंडके यांच्या ओळीनें नऊ चित्रपटांनीं रौप्यमहोत्सव साजरे केल्याची नोंद गिनेसच्या विक्रमग्रंथांत झाली. मोजणी येथेंहि आहे; परंतु ती पैशांची नाहीं, दिवसांची आहे. लोक पुन्हां पुन्हां येत राहिले, एवढें तरी या शब्दांतून कळतें.

आतां आमचे स्वतःचे, जुने शब्द काय होते तें पाहूं. नाटक ‘रंगलें’, कीर्तन ‘रंगलें’, बैठक ‘रंगली’. नाटक ‘गाजलें’. प्रेक्षकांनीं तें ‘उचलून धरिलें’, ‘डोक्यावर घेतलें’. पहिल्यांत रंग आहे, दुसऱ्यांत नाद आहे, तिसऱ्यांत व चौथ्यांत कौतुकानें लेंकरास उचलावें तसा भाव आहे. आम्ही काय ते रसिक आणि इंग्रज काय ते मारकुटे, असें मात्र कोणीं समजूं नये. ‘टाळी वसूल केली’ असें आपणहि म्हणतोंच, आणि त्यांत सावकारी वास स्पष्ट आहे. तरी पण ‘रंगलें’ या एका शब्दांत जें आहे तें ‘हिट’मध्यें नाहीं. तडाखा मारणारा एक व खाणारा दुसरा असतो. रंगणें हें एकट्याचें नसतें. नट रंगला व प्रेक्षक कोरडा राहिला, तर नाटक रंगलें असें कोणी म्हणत नाहीं.

याहून जुना आधार पाहिजे असल्यास भरतमुनींकडे जावें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या नाट्यशास्त्रांत सत्ताविसावा अध्याय प्रयोगाच्या ‘सिद्धी’चाच आहे. मुनींनीं यश दोन प्रकारचें मानिलें आहे : मानुषी सिद्धि व दैवी सिद्धि. मानुषी सिद्धि म्हणजे प्रेक्षकांच्या वाणीनें व शरीरानें प्रकट होणारी. कोणी स्मित करतो, कोणी मोठ्यानें हंसतो, कोणी ‘साधु’ म्हणतो, कोणी ‘अहो’, तर करुण प्रसंगीं कोणी ‘कष्टम्’ असे उद्गार काढतो. अंगावर रोमांच येतात, लोक आसनांवरून उठतात, अंगावरचें वस्त्र व बोटांतल्या आंगठ्या नटांकडे फेंकतात. आमचा ‘वन्स मोअर’ याच घराण्यांतला. मग दैवी सिद्धि कोणती? जेथें आवाज नाहीं, गडबड नाहीं, कांहीं उत्पात नाहीं, आणि रंगगृह संपूर्ण भरलेलें आहे, ती दैवी!

वाचकांनीं हें लक्षण पुन्हां एकदां मनाशीं घोळवावें. ‘हाउसफुल’ ही कल्पना मुनींस ठाऊक होती. रंगगृहाची संपूर्णता हें त्यांनीं यशाचें एक लक्षण मानिलें आहे. परंतु तें त्यांनीं एकटें सोडिलें नाहीं. त्याच्याशेजारीं निःशब्दता बसविली. रिकाम्या घरांत शांतता सहज असते, आणि भरल्या घरांत गोंगाट सहज असतो. भरलेलें घर आणि तरीहि टांचणी पडली तर ऐकूं यावी, असें होणें हें माणसाच्या हातचें नव्हे, म्हणून तें दैवी. आणखीहि एक गोष्ट. मुनींनीं परीक्षकांच्या मदतीस लेखक व गणक बसविले आहेत. म्हणजे मोजदाद त्यांच्याकडेहि होती. परंतु मोजावयाचे ते प्रयोगांतले दोष, नाण्यांच्या राशी नव्हेत.

आमच्या मतें यशाच्या शब्दांचा सारा इतिहास या एका लक्षणाच्या दोन तुकड्यांत सांपडतो. भरलेलें घर आम्हीं ठेविलें, व त्याची पाटी करून दारावर लाविली. शांतता मात्र पाटीवर लिहितां येत नाहीं. म्हणून ती मागें पडली.

हे दोन तुकडे वेगळे झाले म्हणजे काय होतें, हें बालगंधर्वांच्या चरित्रावरून दिसतें. १९१३ सालीं निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीनें जी लोकप्रियता पाहिली, तिला तोड नाहीं. वन्स मोअरनीं रात्र पुरत नसे. १९२१ सालीं टिळक स्वराज्य फंडासाठीं केशवराव भोसल्यांबरोबर केलेला ‘संयुक्त मानापमान’ जुनीं माणसें जन्मभर आठवीत राहिलीं. आणि त्याच मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता! भरजरी वस्त्रें, भारी पडदे, अत्तरें, उत्तम वाजविणारे. रंगांत उणें पडूं द्यावयाचें नाहीं, हा नारायणरावांचा बाणा. बोलपट आल्यावर तो डोलारा उभा राहिला नाहीं, आणि १९३५ त ते स्वतः प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटांत एकनाथ म्हणून दिसले. हिशेबनीस म्हणेल, हा धंदा बुडाला. त्याचें म्हणणें खोटें नाहीं, व व्यवहार सांभाळावयास हवा होता हेंहि खरें. परंतु त्यांचें गाणें ऐकणारास ‘तें यश होतें कीं अपयश?’ असें विचारिलें असतें, तर तो विचारणाराकडे पाहतच राहिला असता.

आज मोजणीची गति वाढली आहे. रौप्यमहोत्सवाचे आठवडे गेले. पहिल्या तीन दिवसांत निकाल लागतो. २००८ सालच्या ‘गजिनी’ या हिंदी चित्रपटापासून ‘शंभर कोटींचा क्लब’ हा नवा शब्दप्रयोग रूढ झाला. २०१६ सालीं नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’नें मराठी चित्रपटास त्या आंकड्यापर्यंत नेलें, आणि सर्व वृत्तपत्रांनीं तो आंकडाच मोठ्या अक्षरांत छापिला. पण ज्यांनीं तो चित्रपट भरल्या गृहांत पाहिला त्यांस निराळेंच कांहीं आठवतें. पूर्वार्धांतील गाण्यास लोक खुर्च्या सोडून नाचले. ही भरतमुनींची मानुषी सिद्धि. आणि अखेरीस, घरच्यांनींच जातीच्या अभिमानापायीं पोटच्या मुलीचा व जांवयाचा जीव घेतल्यावर, पडद्यावरचा आवाजच थांबतो. पोर एकटें चालत जातें. त्या क्षणीं भरलेलें गृहहि निःशब्द होई. ती शांतता ज्या घरांत पोंचली, तेथें जेवतांना कोणीं तरी जातीविषयीं एखादा प्रश्न विचारला असेल, किंवा विचारावयाचें टाळलें असेल. या गोष्टीस शंभर कोटी हें नांव पुरेल काय?

शब्द टाकून द्या, असें आमचें सांगणें नाहीं. ‘हाउसफुल’ची पाटी पाहून नाटकमंडळीच्या घरची चूल पेटते, ती पाटी नित्य लागो. परंतु विक्रेत्याचें माप विक्रेत्याकडे असावें. घरांतल्या माणसांनीं तें उचलूं नये. हल्लीं मुलीनें गायिलेलें पद कोणी भ्रमणध्वनीवर चित्रित करून सर्वत्र धाडतें, आणि मग ‘किती जणांनीं पाहिलें?’ एवढाच प्रश्न दिवसभर चालतो. पोरगी आंकडा पाहून हंसते किंवा हिरमुसते. आपण गायिलों कसें, हें तिला कोणी सांगत नाहीं, व थोड्या दिवसांनीं तीहि विचारीनाशी होते. त्यापेक्षां ती स्नेहसंमेलनांतून परत आली म्हणजे आईनें विचारावें, ‘लोक कोठें हंसले? कोठें गप्प झाले?’ याचें उत्तर तिला देतां आलें, तर तिनें समोरच्या माणसांकडे लक्ष दिलें होतें असें समजावें. मग प्रेक्षक वीस असोत कीं वीस हजार.

असो. यशाविषयीं इतकें बोलणें झालें. पुढील अंकीं स्वयंपाकघरांत शिरून पाव, बटाटा वगैरे पोर्तुगीज मंडळींचा समाचार घेऊं.